पंप पाठीवर चढण्याआधी

2017 च्या पावसाळ्यात आणि पुढच्या ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजानं गेलेले मजूर बरेच होते. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या खांद्याच्या वर गेली होती, किडींचा जोर होता, दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं सर्रास चाललं होतं आणि जोराचा फवारा मारणारे बॅटरीचे पंप घरोघरी आले होते. नंतर जो तो म्हणाला, मजुरांनी मास्क लावले नाहीत.

मास्क लावायलाच हवा. पण औषध कोणतं, किती, कशात मिसळलेलं, पंप गळका की धड, किती वाजता सुरुवात, धुऱ्यावर साबण आहे की नाही, यातलं काहीही मजूर ठरवत नाही. तो सकाळी येतो आणि समोरचा पंप उचलतो. म्हणून ही कृती पंप उचलणाऱ्यासाठी कमी आणि उचलायला सांगणाऱ्यासाठी जास्त आहे. स्वतःच्या वावरात स्वतः फवारणाऱ्यानं दोन्ही बाजू आपल्याच समजाव्यात.

साहित्य

एक एकर कपाशी, फवारायला दोन माणसं, एक सकाळ, असा हिशोब धरू.

न गळणारा पाठीवरचा पंप. एकाच औषधाची सीलबंद बाटली, तिच्या माहितीपत्रकासह. मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापपात्र. ढवळायला हातभर लांब काठी आणि एक जुनी बादली, जी पुन्हा घरात जाणार नाही. रबराचे किंवा नायट्राइलचे हातमोजे तीन जोड, दोन फवारणाऱ्यांना आणि एक औषध कालवणाऱ्याला. सुती मोजे नकोत, ते औषध पितात आणि हाताला चिकटवून ठेवतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट, गमबूट, टोपी, चष्मा, मास्क. पाठीवर बांधायला प्लास्टिकचा जाड कागद. पंपाचे जास्तीचे वायसर आणि एक नोझल, ते साफ करायला जुना टूथब्रश. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फवारणीच्या ड्रमपासून लांब ठेवलेला वीस लिटर स्वच्छ पाण्याचा कॅन, साबणाची वडी, दोन जोड कोरडे कपडे.

या यादीत महाग असं काही नाही. तरी सर्वांत जास्त वेळा जे नसतं ते शेवटचं: पाणी, साबण, कपडे. मास्कचा फोटो निघतो, साबणाचा निघत नाही.

दोन दिवस आधी: फवारायचं का?

अंगावर न आलेलं विष सर्वांत सुरक्षित. शेजारच्यानं मारलं म्हणून आपणही मारायचं, या रीतीनं निम्म्या फवारण्या होतात. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा शंभरातली दहा फुलं-बोंडं किडलेली निघाली, तर फवारणीचा विचार करायचा. तुडतुडे असतील तर पानामागे दोन-तीन पिल्लं ही मर्यादा धरतात. हंगामाच्या सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्कावर भागत असेल तर भागवा. त्यासाठी शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीची पूड लागते. एक फवारणी वाचली म्हणजे दोन माणसांची एक सकाळ विषाबाहेर गेली.

औषध परवानाधारक कृषी केंद्रातूनच घ्या आणि पक्कं बिल मागा. दुकानदार सोबत टॉनिक, विद्राव्य खत, आणखी एखादं कीटकनाशक सुचवेल, 'एकाच पाण्यात होऊन जाईल' म्हणेल. नाही म्हणा. मिश्रणात कोणतं औषध कोणत्याचा जोर वाढवतं हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. दुसरं कारण त्याहून गंभीर आहे: माणूस दवाखान्यात पोचला तर डॉक्टरांना नेमकं काय पोटात, कातडीत गेलं ते कळत नाही आणि उपचार चाचपडत होतात.

आदल्या संध्याकाळी

लेबल वाचायचं. अक्षरं मुंगीएवढी असतात, म्हणून मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचा. आणि मोठ्यानं वाचा, फवारणाऱ्याला बोलावून. ज्याला वाचता येत नाही त्याला रंगाचा त्रिकोण दाखवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. मात्र हा त्रिकोण एका वेळी शरीरात गेलेल्या मात्रेवरून ठरवलेला असतो. रोज थोडं थोडं अंगावर घेणाऱ्याला तो काही सांगत नाही. हिरव्या त्रिकोणाचं औषधही उघड्या हातानं ढवळायचं नसतं. जुन्या बाटल्या कपाटात असतील तर त्याही तपासा. मोनोक्रोटोफॉस 36 टक्के हे द्रव औषध टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा आदेश केंद्र सरकारनं 2023 मध्ये काढला आहे. उरलेलं 'वाया कशाला घालवायचं' म्हणून मारू नका.

मग पंप. साधं पाणी भरून, पाठीवर घेऊन, अंगणात पाच मिनिटं चालवा. झाकणाचं वायसर, नळीचा सांधा, खटक्याजवळची गळती आत्ताच दिसेल. औषध भरलेला पंप पाठीवर गळतो तेव्हा ते पाणी कमरेवरून जांघेत उतरतं. पॅराथिऑन या औषधावर माणसांच्या कातडीचे जे जुने प्रयोग झाले, त्यांत कोपरापुढच्या हाताच्या मानानं कपाळातून चौपट आणि जांघेतल्या नाजूक कातडीतून दहापटीहून जास्त औषध शरीरात शिरलं. म्हणजे गळका पंप औषध नेमकं शरीराच्या सर्वांत उघड्या दारात नेऊन ओततो, आणि फवारणाऱ्याला वाटतं घाम आला. दहा रुपयांच्या वायसरसाठी दुसऱ्या दिवशीचं काम थांबवावं लागलं तरी थांबवा.

कीटकनाशकाला पोकळ शंकूसारखा फवारा देणारं नोझल लावा. तणनाशकाचं चपटं नोझल वेगळं, आणि शक्य असेल तर तणनाशकाचा पंपच वेगळा.

शेवटी माणसं ठरवा. अठरा वर्षांखालची मुलं नकोत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया नकोत, फवारायला नकोत तशाच पाणी कालवायलाही नकोत. हातापायाला जखम असलेला नको. आणि जो सलग तीन-चार दिवस वेगवेगळ्या वावरांत फवारून आला आहे तो नको. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातल्या ज्या विकराला धरतात तो लगेच भरून येत नाही, त्याला आठवडे लागतात. काल जे सहन झालं ते आज होईलच असं नाही. पंपामागे मजुरी ठरते तिथे हे अवघड जातं, कारण जास्त पंप मारणाऱ्यालाच जास्त पैसे. तेव्हा मजुरी पंपावर नको, दिवसावर ठरवा. या एका बदलानं माणसाचा चालण्याचा वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की पुढचं बरंचसं सोपं होतं.

सकाळी, धुऱ्यावर

माणूस उपाशी नको. भाकरी खाऊन यायला सांगा किंवा तुम्ही द्या. खाणं झालं की हात धुऊन खिसे रिकामे करायला सांगा. विदर्भात हे सांगावंच लागतं, कारण खिशात तंबाखूचा खर्रा असतो. हातमोजा काढून, तळहातावर खर्रा घेऊन, दाढेत धरायचा. दुपारपर्यंत हे पाच वेळा होतं आणि पाचही वेळा बोटांचं औषध गालात जातं. बिडीचंही तेच. खर्रा, बिडी, मोबाइल, सगळं एका पिशवीत घालून झाडाला टांगा. फुकटचा उपदेश करण्यापेक्षा हे बरं.

दंव सुकलं की सुरुवात, ऊन चढलं की बंद. ऑक्टोबरात दहा-साडेदहानंतर ही कापडं अंगावर ठेवणं कुणालाच जमत नाही. 2017 च्या विषबाधेनंतर संरक्षक किट वाटली गेली, त्यातली कितीतरी खुंटीला टांगलेलीच राहिली. त्याचं कारण आळशीपणा नाही. चाळीस अंशांकडे झुकणाऱ्या उन्हात प्लास्टिकचा पोशाख घालून बावीस किलोचं ओझं वाहून पाहा. उन्हाशी भांडण्यापेक्षा तास कमी करा. उरलेलं काम चारनंतर किंवा उद्या. वारा सुटला असेल, आभाळ भरलं असेल, तर आजचा दिवस सोडा.

आता कपडे. पँट गमबुटाच्या बाहेर, आत खोचायची नाही, नाहीतर ओघळ सरळ बुटात जातो. हातमोज्याचं गणित पिकाच्या उंचीवर आहे. पीक बुटकं असेल तर हात खाली असतो, तेव्हा सदऱ्याची बाही मोज्याच्या वरून. पऱ्हाटी उंच असेल तर हात वर जातो, तेव्हा मोजा बाहीच्या वरून आणि त्याची कड बाहेर दुमडून पन्हळ करायची, म्हणजे ओघळ कोपराकडे न जाता तिथेच अडकतो. तोंडावर ओला रुमाल बांधू नका. ओला रुमाल औषध नाकाशी धरून ठेवतो. कोरडा मास्क लावा, ओला झाला की बदला.

औषध कालवणं

ही पायरी दहा मिनिटांची, पण सर्वांत धोक्याची, कारण इथे औषध पाण्यानं पातळ झालेलं नसतं. आणि बऱ्याच घरांत ती बाईच्या वाट्याला येते: पाणी आणणं, ड्रम भरणं, कालवणं, पंपात ओतून देणं. तिच्या अंगावर साडी असते, हात उघडे असतात, आणि कुणाच्याच लेखी ती 'फवारणारी' नसते. तिलाही मोजे, चष्मा, पुढे बांधायला प्लास्टिक द्या. किंवा हे काम स्वतः करा.

मापाचा हिशोब असा. समजा, लेबलवर हेक्टरी 1000 मिली, 500 लिटर पाण्यातून, असं आहे. म्हणजे लिटरला 2 मिली. पंप सोळा लिटरचा असला तरी बारा लिटरच भरा: ओझं चार किलोनं उतरतं आणि झाकणातून हिंदकळून मानेवर येत नाही. बारा लिटरला 24 मिली. एकराला 200 लिटर पाणी धरलं तर असे सोळा-सतरा पंप होतात. 'एक झाकण' हे माप नाही. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं असतं आणि हातही. मापात दिलेलं औषध पुरत नसेल तर औषध चुकलं आहे, किंवा वेळ. झाकणभर जास्त टाकून ते बरोबर होत नाही.

बाटली छातीच्या खाली धरून उघडा, दातानं नाही. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. बादलीत थोडं पाणी, त्यात मोजलेलं औषध, काठीनं ढवळा. पंपात आधी निम्मं पाणी, मग हे द्रावण, मग उरलेलं पाणी. सांडलं तर कोरडी माती टाका. हातावर थेंब जरी उडाला तरी तिथेच साबणानं धुवा, 'हा पंप मारून मग' नको.

बाटली रिकामी झाली की लगेच तीन वेळा पाण्यानं विसळून ते पाणी पंपातच ओता. औषधाचा थेंबही वाया जात नाही आणि बाटलीतलं विष बाटलीत राहत नाही. मग तिला भोक पाडा, चेपा. धड बाटली दिसली की कुणीतरी त्यात तेल भरणार, हे ठरलेलं.

वावरात

वारा ओळखा. चिमूटभर कोरडी माती वर सोडली तरी कळतं. वारा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आडवा जाईल अशी तासं (पिकाच्या ओळी) धरायची आणि सुरुवात त्या धुऱ्यापासून करायची जिकडे वारा वाहून जातो. एक तास झालं की वाऱ्याच्या उगमाकडच्या तासात सरकायचं. म्हणजे फवारा नेहमी मागे सोडलेल्या बाजूला उडतो आणि माणूस कोरड्या पऱ्हाटीतून चालतो. उलट सुरुवात केली तर प्रत्येक पाऊल आपणच ओल्या केलेल्या झाडांत पडतं. एवढंसं सांगणं, पण मांड्या ओल्या होतील की कोरड्या राहतील हे यावर ठरतं.

नळी नाकासमोर धरून चालणं ही आपली सवय. ती मोडायला हवी. नळी वारा जिकडे वाहून जातो त्या बाजूला धरा आणि नोझल खांद्याच्या वर नेऊ नका. पऱ्हाटी खांद्याच्या वर गेली असेल तर पाठीवरच्या पंपानं वावरात शिरायचंच नाही, असं मी तरी सांगेन. डोक्यावरून मारलेला फवारा डोक्यावरच पडतो. 2017 ला हेच झालं. पुढच्या वर्षी झाडं दाट लावू नका, वेळेवर शेंडे खुडा. या वर्षी धुऱ्यावर ड्रम ठेवून लांब पाइपाचा पंप वापरा आणि जिथपर्यंत फवारा पोचेल तिथपर्यंतच समाधान माना.

दोघे असतील तर एकमेकांच्या मागोमाग नको. दोघांमध्ये पुरेसं अंतर, आणि पुढचा वारा जिकडे वाहून जातो त्या बाजूला. निंदणाऱ्या, वेचणाऱ्या बाया त्या वावरात आणि वाऱ्याखालच्या शेजारच्या वावरातही नकोत.

नोझल तुंबेल. तोंड लावून फुंकायचं नाही. पंप उतरवा, दाब सोडा, टूथब्रशनं पाण्यात घासा. जास्तीचं नोझल यादीत घेतलं ते याचसाठी: तुंबलेलं बाजूला ठेवा, दुसरं लावा, फुंकण्याचा मोहच नको.

दर दोन पंपांनंतर धुऱ्यावर येऊन पाच मिनिटं बसायचं, मोजे धुऊन काढायचे, हाततोंड धुवायचं, पाणी प्यायचं. तेव्हा एकमेकांची पाठ बघा. पाठ ओली असेल तर काम तिथेच थांबलं. कपडे उतरवा, साबणानं धुवा, कोरडे घाला, पंप दुरुस्त करा.

औषध चढलं तर

डोकं जड होणं, मळमळ, धूसर दिसणं, तोंडाला पाणी सुटणं, दरदरून घाम, छातीत आवळल्यासारखं, पापणी किंवा दंडाचा स्नायू आपोआप फडफडणं. यांतलं एक जरी लक्षण दिसलं तरी 'ऊन लागलं' म्हणून झाडाखाली झोपवू नका. ऊन लागलं असेल तरी काम बंदच करायचं आहे, मग वाद कशाला? चेहऱ्यावर, मानेवर नुसती चुणचुण होत असेल तर ते बहुधा पायरेथ्रॉइड गटाचं औषध असतं, पण तेही कातडीला लागलं आहे असाच त्याचा अर्थ.

वावराबाहेर आणा. तुम्ही आधी हातमोजे घाला. त्याचे सगळे कपडे काढा, लाजेचा प्रश्न नंतर. अंग, केस, नखं, काखा, जांघा साबणपाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. उलटी करवायची नाही. दूध, तूप, ताक, लिंबू, काही पाजायचं नाही. शुद्ध नसलेल्याच्या ते फुप्फुसात जातं.

108 ला फोन करा किंवा मिळेल ती गाडी काढा, आणि बाटली व माहितीपत्रक बरोबर घ्या. ऑर्गॅनोफॉस्फेट गटावर ॲट्रोपिनचा उतारा चालतो, पायरेथ्रॉइडवर नाही, आणि काही औषधांवर उताराच नाही. नाव कळलं तर डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या नि:शुल्क क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं. हा क्रमांक खेड्यातल्या डॉक्टरांच्या हातात ठेवा.

माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसला, घरी चला म्हणाला, तरी डॉक्टरांनी सोडल्याशिवाय आणू नका. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या विषबाधेत एक ते चार दिवसांनी मानेचे, दंडांचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. उशीवरून मान उचलता येत नाही, ही त्याची पहिली खूण. रोज बुडतो म्हणून घाईनं घरी आणलेल्या माणसाला त्या वेळी दवाखाना गाठणं कठीण होतं. त्या दिवसांचा रोज तुम्ही द्या.

काम संपल्यावर

पंप तीन वेळा धुवा आणि ते पाणी फवारलेल्याच वावरात टाका. विहीर, नाला, हाळ यांच्याजवळ नाही. मोजे हातात असतानाच बाहेरून साबणानं धुवा, मग काढा. फवारणाऱ्यानं घरी जाऊन नाही, धुऱ्यावरच अंघोळ करायची. ओल्या कपड्यांनी घरी गेला की लेकरू पायाला मिठी मारतं. ते कपडे पिशवीत, घरच्या धुण्यापासून वेगळे धुवायचे, आणि धुणारीनंही मोजे घालायचे. उरलेलं औषध मूळ बाटलीतच, कुलपात.

वावराच्या तोंडाशी काठीला लाल चिंधी बांधा. निदान चोवीस तास, लेबलवर जास्त लिहिलं असेल तर तेवढे दिवस, आत कुणी जायचं नाही, धुऱ्यावरचा चारा कापायला बकरीवालीनंही नाही.

आणि एक वही. तारीख, औषधाचं नाव, मात्रा, किती पंप, किती वेळ, आणि फवारलं कुणी, कालवलं कुणी. पुढच्या फवारणीला त्याच माणसाला पुन्हा बोलावायचं की नाही हे वही बघून ठरवा. बिल त्याच पानाला टाचा. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत फवारणीची विषबाधा धरलेली आहे, मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात, आणि दावा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत करायचा असतो. पण ती योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याची आणि त्याच्या घरातल्या एकाची. रोजानं आलेल्या भूमिहीन माणसाचं नाव सातबाऱ्यावर नाही. निदान वहीत तरी ते पूर्ण लिहा, गाव आणि वयासकट.